बॅरिअॅट्रिकची तारीख येईपर्यंत वजन कसं सांभाळायचं: सतत विचारले जाणारे प्रश्न

माझं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. (बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन; त्यातल्या स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून टाकतात.) त्याआधी चौदा महिने मी नुसती वाट बघत होते, पॉलिसीचा वेटिंग पिरियड, मग शुगर, मग परत कागद. त्या चौदा महिन्यांत काय चुकलं काय जमलं ते सगळं लक्षात आहे. आता नाशिकमधून इंदिरानगर, सिडको, पंचवटी, अगदी निफाड-सिन्नरहून पण ओळखीतून फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाहीये. औषधाचा डोस, डाएटचा आकडा हे तुमच्या टीमलाच विचारा.

१. ऑपरेशन करायचंच आहे तर आत्ता वजन कशाला कमी करायचं? नंतर उतरणारच आहे ना?

नंतर उतरणार हे खरंय, पण ऑपरेशन नीट व्हायला हवं ना आधी. आपल्यासारख्या वजनाच्या बहुतेकांना फॅटी लिव्हर असतं आणि लिव्हरचा डावा भाग बरोबर जठरावर येऊन बसलेला असतो. ऑपरेशन दुर्बिणीतून, बारीक छिद्रांतून होतं, त्यामुळे सर्जनला ते लिव्हर उचलून धरून खाली काम करावं लागतं. ते सुजलेलं, जड असेल तर दिसायला अडचण, रक्तस्त्रावाची भीती, वेळ जास्त. वजन थोडं जरी उतरलं तरी लिव्हर लहान होतं, शुगर-बीपी खाली येतं, भूल द्यायला सोपं जातं.

पण मला विचाराल तर या काळातलं पहिलं काम म्हणजे वजन वाढू न देणं. उतरलं तर उत्तमच. आणि जे खाणं ऑपरेशननंतर जन्मभर करायचंय त्याची सवय आत्ता लावून घेणं, कारण पोट लहान झाल्यावर दुखणं, अशक्तपणा, उलट्या सगळं एकदम अंगावर आलेलं असतं, तेव्हा नवीन सवय लावायला जीव राहत नाही.

२. डॉक्टरांनी पाच टक्के उतरवा सांगितलंय, म्हणजे किती? नाही उतरलं तर ऑपरेशन करणारच नाहीत का?

आत्ताच्या वजनाचे पाच टक्के. १२० किलो असाल तर ६ किलो. काही सर्जन आकडा देतात, काही नुसतं वाढू देऊ नका म्हणतात. नाही जमलं तर लपवू नका, लवकर सांगा. आधी कमी उतरलं म्हणून नंतर ऑपरेशन फेल जाणार असं नसतं. तारीख पुढे जाते ती बहुतेक वेळा वजन वाढलं, शुगर हाताबाहेर गेली किंवा तंबाखू सुटली नाही म्हणून.

३. वजन रोज करायचं का? काल १११.४ आणि आज ११२.९, मी काहीच खाल्लं नव्हतं!

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. एक-दीड किलो इकडेतिकडे हे पाणी असतं, आदल्या दिवशी लोणचं-पापड झालं, पाळी जवळ आली, पोट साफ नाही झालं की वाढतं. सुरुवातीच्या आठवड्यात झपकन उतरतं तेही बरंचसं पाणीच असतं, कारण शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात उड्या मारू नका आणि तिसऱ्या आठवड्यात रडू नका. मी एक साधी दोनशे पानी वही केली होती, डाव्या पानावर तारीख आणि वजन, उजव्या पानावर त्या आठवड्यात काय झालं. तीच वही पुढे क्लेमला पण कामाला आली, ते प्रश्न १५ मध्ये.

४. "आता शेवटचंच" म्हणून रोज काहीतरी खाल्लं जातंय, थांबतच नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेक रात्री अकरानंतर येतो. माझं पण हेच झालं होतं म्हणून सविस्तर सांगते. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी ११८ किलो होते. ठरल्यावर पहिल्याच रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो, आता परत कुठे खायला मिळणार म्हणून. तर्री दोनदा, पाव चार, वर दही-जिलेबी. पुढच्या रविवारी तेच कारण. मग भाचीचं लग्न शेवटचं, दिवाळीचा फराळ शेवटचा, कोजागिरीचं दूध शेवटचं. चार महिन्यांनी काटा १२६ वर होता आणि सर्जन शांतपणे म्हणाले, अजून थोडं थांबू या.

पहिलं लक्षात घ्या, यातलं काहीच शेवटचं नाहीये. मी आज मिसळ खाते, अर्धी वाटी मटकी, रस्सा वरवरचा, पाव नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी बहुतेक पदार्थ परत येतात, फक्त वाटी लहान झालेली असते. ज्याला निरोप द्यायचाच नाहीये त्याच्यासाठी पंगती कशाला घालायच्या.

दुसरं, मी काय केलं ते. आठवड्यातलं एक जेवण मोकळं ठेवलं, पण ते घरी आणायचं नाही, बाहेर बसून, एक प्लेट, चमचा प्रत्येक घासानंतर खाली ठेवून. चमचा खाली ठेवणं ऐकायला पोरकट वाटतं, पण हातात चमचा धरून ठेवला की तोंडातला घास संपायच्या आत पुढचा भरला जातो, स्वतःकडे बघा एकदा. एक घास वीसेक वेळा चावून एक जेवण वीस-पंचवीस मिनिटं चालवायचं, स्लीव्हनंतर असंच जेवावं लागतं.

आणि खाणं सुरू झालं की थांबवताच येत नाही, लपून खाल्लं जातं, रात्री उठून खाल्लं जातं, नंतर स्वतःचीच घृणा वाटते, असं असेल तर ते समुपदेशकाला सांगा. ऑपरेशनआधी मानसिक तपासणी असते त्यात बरेचजण सगळं छान आहे म्हणून येतात. तिथे खरं बोललं म्हणून बहुतेक वेळा ऑपरेशन नाकारत नाहीत, मदत मिळते. हा आजार पोटात नसतो, तो ऑपरेशननंतरही सोबत येतो.

५. रोज नेमकं काय खायचं? घरात सगळ्यांचा एकच स्वयंपाक होतो.

वेगळा स्वयंपाक करूच नका, टिकत नाही. ताटाचा क्रम बदला. आधी प्रोटीन संपवायचं, मग भाजी-कोशिंबीर, शेवटी भाकरी किंवा भात उरलेल्या जागेत. ऑपरेशननंतर रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि आपल्या वरण-भात-पोळीत ते होत नाही हे मला वही लिहायला लागल्यावरच कळलं. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम, घट्ट वरणाची वाटी ६-७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, कोरडे सोया चंक ३० ग्रॅम घेतले तर १५ ग्रॅम. आपल्याकडे पातळ आमटी करतात ना, तिच्यात फोडणी जास्त आणि डाळ कमी असते, ती मोजूच नका.

माझा साधा दिवस असा होता: सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट किंवा मुगाचं धिरडं, दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ मोठी वाटी, काकडी-कांदा, अर्धी बाजरीची भाकरी, संध्याकाळी ताक आणि मूठभर फुटाणे, रात्री पनीर भुर्जी किंवा चिकन, सोबत पालेभाजी. शेंगदाण्याचा कूट मात्र हात आखडून, शेंगदाणे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि आपण तो प्रत्येक भाजीत घालतो. तेलाचं सांगायचं तर बुधलीतून ओतू नका, चमच्याने घाला.

उपाशी राहून उतरवायच्या भानगडीत पडू नका. फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, मग एकाऐवजी दोन ऑपरेशनं.

६. चहा, ज्यूस, कोल्ड्रिंक?

साखरेचं पिणं आधी बंद करा, सगळ्यात कमी त्रासात सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे दीड-दोनशे कॅलरी नुसती साखरेची, वर दूध आणि सोबतची खारी-बिस्किटं वेगळीच. मी आठवड्याला पाव चमचा कमी करत गेले, दोन महिन्यांत बिनसाखरेचा प्यायला लागले. सोडा आणि गॅसवाली पेयं सोडाच, नंतर लहान पोटाला ती सोसत नाहीत. आणि जेवताना पाणी पिणं आत्तापासून थांबवा, जेवणानंतर अर्ध्या तासाने प्या. या सवयीला मला तीन महिने लागले.

दारूचं पण विचारतात, नाशिकला वाइनचं कौतुक आहेच. एक तर कॅलरी, दुसरं म्हणजे ऑपरेशननंतर, बायपासमध्ये (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) तर फारच, दारू लवकर आणि जास्त चढते आणि व्यसन लागायचा धोका वाढतो. रोजची सवय असेल तर डॉक्टरांना आत्ताच खरं सांगा, एकदम बंद करणंही काहींना धोक्याचं असतं.

७. द्राक्षांचा सीझन आहे, गावाहून क्रेट येतो. फळ तर चांगलं ना?

फळ चांगलंच. पण दिंडोरी-निफाडकडे नातेवाईक असले की द्राक्षं प्लेटने नाही, क्रेटने खाल्ली जातात, टीव्ही बघता बघता घड संपतो. १०० ग्रॅमला ७० च्या आसपास कॅलरी आणि १५-१६ ग्रॅम साखर. एक लहान वाटी, जेवणाच्या वेळी, धुऊन मोजून घ्या आणि उरलेला क्रेट त्याच दिवशी शेजारी वाटून टाका. बेदाणे-मनुके तर सुकलेली साखरच, तीनशे कॅलरी १०० ग्रॅमला.

८. एकादशी, श्रावण, नवरात्र, उपवास करू की नको?

लिव्हर डाएट चालू असताना (प्रश्न ११) नकोच, डायबिटीसचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकीच्यांनी करायचाच असेल तर साबुदाणा सोडून करा. साबुदाण्यात पिठाशिवाय जवळजवळ काही नसतं, वर तूप, बटाटा आणि कूट, म्हणजे उपवासाच्या दिवशीच जास्त जातं पोटात. भगर-आमटी त्यापेक्षा बरी, पण तीही धान्यच आहे, एक वाटी पुरे. दही, ताक, पनीर, राजगिरा, काकडीची कोशिंबीर यावर दिवस निघतो. माझ्या सासूबाई आधी नाराज होत्या, मग मी निर्जळी सोडून देवीपुढे बसून अर्धा तास जप करायला लागले, त्यांना ते पटलं.

९. सातपूरला कंपनीत रात्रपाळी आहे, जेवणाचं काही खरं नसतं.

पाळी बदलली तरी जेवणाचं अंतर तेच ठेवा, उठल्यावर तासाभरात पहिलं खाणं, मग चार-पाच तासांनी. मुख्य जेवण ड्युटीवर निघायच्या आधी घरचं. रात्री दोनच्या सुमाराला भूक लागते तेव्हा गेटबाहेर वडापाव असतो म्हणून डब्यात उकडलेली अंडी, उसळ किंवा दही न्या. सकाळी घरी आल्यावर पोटभर नाश्ता करून लगेच झोपणं टाळा. आणि घोरत असाल, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या येत असतील तर स्लीप टेस्ट लवकर करून घ्या. स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबणं) असेल तर सिपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देणारं) देतात, ते ऑपरेशनआधी काही आठवडे तरी वापरलेलं बरं. झोप नीट झाली की दिवसभराची गोड खायची ओढ पण कमी होते.

१०. गुडघे चालूच देत नाहीत, व्यायाम कसा करायचा?

दहा हजार पावलं वगैरे विसरा. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरून ठेवायचा, दोन्ही पाय, दिवसातून तीन वेळा. भिंतीला हात टेकून रेटे. पाच मिनिटं चालणं, दिवसातून चारदा, घरातल्या घरात सुद्धा चालेल. जमायला लागलं की गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर या, सपाट आहे, बसायला जागा आहे, आपल्यासारखे बरेचजण हळूहळू फिरत असतात. मला सगळ्यात मानवलं ते पाणी. त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी पोहता येत नसलं तरी उथळ भागात छातीइतक्या पाण्यात चालता येतं, गुडघ्यावरचा भार एकदम हलका होतो. कपड्यांची लाज वाटत होती, पहिल्या दिवशी काठावर वीस मिनिटं बसून परत आले होते, दुसऱ्या दिवशी उतरले.

वणीच्या पायऱ्यांचा नवस असेल तर देवी थांबेल, आत्ता ट्रॉलीने जाऊन या.

दुखणं थांबवायला ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. विशेषतः बायपासनंतर त्यांनी अल्सर होतात, म्हणून दुसरा पर्याय आत्ताच विचारून ठेवा. आणि श्वासाचा व्यायाम करायला ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात ना, त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढून गोळ्या वर धरायच्या असतात. अर्धे लोक उलटं करतात.

११. लिव्हर डाएट म्हणजे काय, आणि ते आत्तापासूनच सुरू केलं तर?

ऑपरेशनच्या आधीचे साधारण दोन ते चार आठवडे, दिवसाला ८०० ते १२०० कॅलरी, भात-पोळी-साखर जवळजवळ बंद, प्रोटीन भरपूर. कुणाला प्रोटीन पावडरची पेयं देतात, कुणाला अंडी-पनीर-भाज्या. याने लिव्हरमधली साखर, पाणी आणि चरबी कमी होऊन ते आक्रसतं. पहिले चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पाचव्या दिवशी बरं वाटायला लागतं. बद्धकोष्ठ होतं, पाणी वाढवा आणि इसबगोल चालेल का विचारा. महिनोन्महिने आपल्या मनाने हे करू नका, स्नायू जातात, केस जातात आणि खऱ्या वेळेला ताकद उरत नाही. वाट बघायच्या काळासाठी प्रश्न ५ चं जेवण आहे.

१२. डायबिटीस आहे, कमी खाल्ल्यावर गोळ्या तशाच घ्यायच्या?

नाही, आणि हे वाचून स्वतः बंदही करू नका. डाएट सुरू व्हायच्या आधी फोन करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तेवढ्याच घेऊन जेवण निम्मं केलं तर शुगर धाडकन खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आली तर त्या क्षणी ग्लुकोज किंवा साखर घ्या, डाएट मोडलं म्हणून विचार करत बसू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं तर आवर्जून विचारा, अगदी कमी कर्बोदकांच्या डाएटमध्ये आणि ऑपरेशनच्या आधी त्या थांबवाव्या लागतात, कारण शुगर नॉर्मल दिसत असताना सुद्धा रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं असेल किंवा शाकाहारी असाल तर बी१२ तपासून घ्या, सोबत डी आणि आयर्न. कमतरता ऑपरेशनआधी भरून काढणं सोपं असतं.

१३. लिव्हर डाएटचे दहा दिवस झाले आणि ऑपरेशन पुढे ढकललं. आता?

फार वाईट वाटतं, माहितेय. माझी तारीख आदल्या आठवड्यात खोकल्यामुळे गेली. त्या दिवशी टीमला विचारा की किती पुढे. चार-पाच दिवस असतील तर बहुधा चालू ठेवायला सांगतात, महिना असेल तर नेहमीच्या जेवणावर आणून नंतर परत सुरू करतात. औषधं कमी केलेली असतील तर ती परत किती करायची तेही त्याच फोनवर विचारा, हे लोक विसरतात. आणि ज्या दिवशी तारीख रद्द होते त्या संध्याकाळी एकटे राहू नका, "शेवटचंच" खाणं (प्रश्न ४) त्याच संध्याकाळी परत सुरू होतं.

१४. तोपर्यंत वजनाची इंजेक्शनं घेऊ का? आणि आयुर्वेदिक काढा, जिमची पावडर?

मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. काही सर्जन स्वतःच वाट बघायच्या काळात देतात, खूप जास्त वजन असेल तर उपयोगही होतो. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि भूलतज्ज्ञाला सांगायचंच, कारण या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना पोटात अन्न असणं धोक्याचं. बंद केल्यावर भूक परत येते हेही धरून चाला.

काढे, चूर्णं, फॅट बर्नर नकोत. गार्सिनिया किंवा ग्रीन टीचा अर्क असलेल्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झालेली आहे, आणि आपण ज्या लिव्हरला बरं करतोय त्यालाच मारायचं कशाला. घेत असाल तर डबा घेऊन डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. आमच्या आत्याबाई म्हणायच्या मिश्री म्हणजे नुसते दात घासणं, तसं नाहीये, त्यात निकोटिन असतं आणि त्याने शिवलेली जागा नीट भरत नाही.

१५. वजन उतरून बीएमआय लाइनच्या खाली गेला तर विमा क्लेम नाकारेल का?

यावर माझे दोन महिने गेले. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०१९ मध्ये पॉलिसीतले अपवाद, म्हणजे कशाला पैसे मिळत नाहीत ते, एकसारखे केले, त्यानुसार क्लेमसाठी हे लागतं: वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ वा जास्त आणि सोबत ताब्यात न येणारा टाइप २ डायबिटीस, गंभीर स्लीप अॅप्निया, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, आणि साध्या उपायांनी वजन न उतरल्याचा पुरावा. उंची १६० सेंमी असेल तर ४० म्हणजे साधारण १०२ किलो, ३५ म्हणजे ९० च्या आसपास. डॉक्टरांची लाइन यापेक्षा खाली आहे, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करा म्हटलंय, त्यामुळे डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा हो म्हणेल असं नाही.

डॉक्टर बहुतेक वेळा सुरुवातीचा बीएमआय धरतात. विम्याचं मात्र तुमच्या कंपनीला ईमेलवर विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका. पहिल्या भेटीचं वजन आणि उंची केस पेपरवर सही-शिक्क्यासकट लिहून घ्या. माझं पहिलं वजन कागदावर लिहिलंच गेलं नव्हतं, नंतर कुणी मानायला तयार नाही, शेवटी माझी वही आणि जुना डिस्चार्ज कार्डवरचा आकडा दाखवून काम झालं. क्लेमसाठी मुद्दाम वजन वाढवू नका, असा सल्ला देणारे भेटतात.

१६. वजन चांगलंच उतरलंय, मग ऑपरेशन रद्द करू का?

डॉक्टरांशी बोला, घाईने नको. बऱ्याच जणांचं हे पूर्वीही उतरलेलं असतं आणि परत आलेलं असतं, कारण वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, हा आळस नसतो. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात तिथेच भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, सगळ्यात जास्त तयार होतं, म्हणून फरक पडतो. पण नाही करायचं ठरवलं तर तोही तुमचा हक्क आहे.

१७. बाळाचा विचार आहे, आधी की नंतर?

ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. आणि वाट बघताना सावध राहा, पीसीओएस (हार्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होण्याचा त्रास) असणाऱ्यांची पाळी थोडं वजन उतरलं की नियमित होते आणि दिवस जाऊ शकतात. वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर गर्भनिरोधकाचं नक्की विचारा. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तांबीसारखा दुसरा उपाय आधीच ठरवून घ्या.

१८. नातेवाईक म्हणतात, तोंडाला कुलूप लावता येत नाही म्हणून पोट कापून घेतेय. काय उत्तर देऊ?

सगळ्यांना सांगायची गरज नाही. मी चारच जणांना सांगितलं होतं: नवरा, बहीण, ऑफिसमधली एक मैत्रीण आणि सासूबाई. बाकीच्यांना पोटाचं ऑपरेशन आहे एवढंच. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर "पथ्य आहे हो, डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की आपल्याकडे माणसं लगेच गप्प होतात, डाएट म्हटलं की हसतात आणि जिलेबी वाढतात. ज्या चौघांना सांगाल त्यांना काम द्या. माझी बहीण दर शनिवारी सकाळी सातला फोन करायची, वजन किती कधीच विचारायची नाही, फक्त "वही लिहिलीस का" एवढंच.